ऊन-वजावट

माझी मोठी बहीण हुशार आहे, हे मला लहानपणापासून इतक्या जणांनी इतक्यांदा ऐकवलंय की माझ्या नसा त्यानेच झिजल्या असाव्यात, असं मी गमतीने म्हणायचे. आता नाही म्हणत.

बहीण म्हणजे डॉ. हर्षदा गावंडे. नागपूरला मेंदूविकारांच्या संशोधन संस्थेत असते, टीव्हीवर दिसते. मी प्रणाली, अकोल्याची भूकरमापक. म्हणजे शेतांची मोजणी करणारी बाई. दोन भावांच्या बांधाचं भांडण लागलं की मध्ये उभं राहून दोघांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. उन्हात दिवसभर तंगडतोड. मला ते फार आवडायचं.

सव्विसाव्या वर्षी बाळापूरजवळच्या एका शेतात माझा उजवा पाय उचलेना. मला वाटलं, चिखलात रुतला. खाली बघितलं तर जमीन कोरडी ठणठणीत. त्याआधी एका डोळ्याने महिनाभर धुरकट दिसत होतं, ते मी चष्म्यावर ढकललं होतं. ताईने एमआरआय काढायला लावला आणि फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत राहिली. ताई एकच गोष्ट दोनदा बघायला लागली की समजायचं, काहीतरी मोठं आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस. ताईने मला तो घरातल्या वायरिंगवरून समजावला. वायरवर जसं प्लास्टिक असतं तसं नसेवर वेष्टण असतं. जंतूंशी लढायला ठेवलेली आपलीच फौज एक दिवस त्या वेष्टणाला शत्रू समजते आणि कुरतडायला लागते. वेष्टण गेलं की निरोप गळतो. मेंदू म्हणतो, पाय उचल, आणि पायाला ऐकूच येत नाही. झटका येतो, ओसरतो, पुन्हा येतो, आणि दर वेळी थोडं काहीतरी घेऊन जातो.

"बरा होतो का?" आईने विचारलं होतं.

"थांबवता येतो," ताई म्हणाली. "मी थांबवीन."

बाई हट्टी. तिने खरंच थांबवला.

युक्ती तिने गरोदर बायकांकडून घेतली. पोटातलं बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकंच. तरी फौज त्याला मारत नाही, कारण बाळाला पोसणारी वार तिला सतत निरोप धाडत असते, गप बसा, हे आपलंच आहे. त्या निरोपांमुळे फौज एकूणच नरमते. म्हणून हा आजार असलेल्या बाईला शेवटच्या महिन्यांत झटके जवळजवळ येत नाहीत, आणि बाळंतपण झालं, वार पडली, की फौज चवताळून उठते. डॉक्टरांना हे कधीचं ठाऊक होतं. ताईने तेच निरोप धाडणारी तांदळाएवढी कुपी बनवली आणि ती दंडाच्या कातडीखाली बसवली. शरीराला वाटतं, आठवा महिना चालू आहे. वर्षानुवर्षं आठवाच.

पेशंट तिला दाणा म्हणायचे. आमच्या गटात एक बँकेतले तायडेकाका होते, पिळदार मिशांचे. त्यांना दाणा बसवला तेव्हा सगळ्यांनी विचारलं, "काका, डोहाळे काय लागलेत?" काका म्हणाले, "मिसळीचे." पाच वर्षं काठीवर असलेला माणूस वर्षभरात गांधी रोडला मिसळ खायला चालत जायला लागला. मीही पुन्हा शेतात उतरले. नवऱ्याला, मंगेशला, म्हटलं, "बघ, आता तुला मला उचलून न्यायचं निमित्त उरलं नाही." तो हसला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

एक भानगड राहिली होती. आमचा उन्हाळा.

ज्याच्या नसेवरचं वेष्टण झिजलंय त्याला उष्णता सोसत नाही. अंग तापलं की निरोप आणखी गळतात, पाय जड होतात, बोटं बधिर होतात, दिसायला धुरकट येतं. पण नस मरत नाही, नुसती दमते. अंग गार केलं की सगळं परत. ताईने आमच्या मनगटाला पट्टी आणि मोबाईलमध्ये एक ॲप दिलं होतं. पावलं कशी पडतात, बोटं किती वेगाने टिचकतात, डोळे अक्षरं कशी वाचतात, यावरून ते ॲप झटका चाहुलीतच पकडायचं. सारखे एमआरआय काढायची गरजच उरली नाही. पण मार्च उजाडला की विदर्भातल्या सगळ्यांचे मोबाईल एकदम लाल. ताईच्या ऑफिसात फोन घणघणायचे. म्हणून तिने वजावट काढली. अंग किती तापलंय ते पट्टी मोजायची, आणि तेवढ्या तापण्याने जेवढा अधूपणा येतो तेवढा हिशेबातून वजा व्हायचा. उरलं तर झटका, नाही उरलं तर मोबाईल हिरवा. हिरव्यावर एक वाक्य उमटायचं, "उन्हाचं आहे. उतरेल."

ते वाक्य आईचं. लहानपणी आम्ही खेळून चक्कर येऊन पडलो की आई कपाळाला कांदा लावत हेच म्हणायची. ताईने ते जसंच्या तसं ॲपमध्ये घातलं. आईने सगळ्या गल्लीला मोबाईल दाखवला होता, "माह्या हर्षूनं माही गोष्ट मशिनीत घातली."

मग मला मूल हवंसं वाटलं. उशिराच, पण फार.

गरोदरपणात दाणा काढून ठेवला, कारण शरीर ते काम स्वतःच करत होतं. प्रश्न होता बाळंतपणानंतरचा. माहेरच्या ओट्यावर बसून ताईने सांगितलं, "डिलिव्हरी झाली की त्याच दिवशी दाणा बसवायचा. पण एक आहे, पनू. दूध येणार नाही."

"म्हणजे?"

"वार पडली हे शरीराला कळलं की दूध उतरतं. दाणा सांगणार, वार आतच आहे. लाखो मुलं पावडरच्या दुधावर वाढतात. त्यात एवढं काय?"

त्यात एवढं काय, ते मला सांगता येईना. मी नुसती रडायला लागले. मला पाजायचं होतं. या शरीराने मला इतकी वर्षं दगा दिला होता, एकदा तरी त्याने कुणाचं भलं करावं असं वाटत होतं. आई मध्ये पडली, "अवं, पाजू दे ना तिले. पोटची पोर हाय."

ताईने बोटांवर आठवडे मोजले. "सव्वा महिना," ती शेवटी म्हणाली. "तेवढं पाज. ॲप चालू ठेवायचं. चाहूल लागली की माझं यंत्र आठवडाभर आधी सांगतं. लाल झालं की त्याच दिवशी मी दाणा घेऊन येते."

मी तिच्या गळ्यात पडले. माझी बहीण हुशार आहे, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा आवडलं.

अन्वी मे महिन्यात झाली. काळीभोर, जावळाची, आवाज मामलेदाराचा. आणि दूध असं उतरलं की बाप रे! आई म्हणाली, गावाला वाट.

आता अकोल्याचा मे म्हणजे सांगायला नको. कूलर लावला तरी भिंती तापलेल्या. पण बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही म्हणून आईने कूलर बंद केला. खिडक्यांना चादरी. कानाला फडकं. बंबात कढत पाणी, ते अंगावर सपासप. मग बाजेवर निजवायचं, आणि बाजेखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-बाळंतशेपांची धुरी. सकाळ-संध्याकाळ. मी ओरडायचे, "आई, मी बाळंतीण आहे की वांगं?" आई म्हणायची, "चूप बस. चाळिशीत कंबर धरली का मग मायची आठवण येईन."

मी ताईला व्हिडिओ कॉल करून तक्रार केली. ताईने शेगडी बघितली, आईची कढत पाण्याची बादली बघितली, आणि खो खो हसली. "करू दे गं तिला. उष्णतेने नसेला काही होत नाही. तिचीही हौस आहे."

तिने स्पष्ट तसंच म्हटलं. मी ऐकलं, आईने ऐकलं.

बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा मला फारसं वाटलं नाही. शेकानंतर तसं व्हायचंच. पण पुढे ती शेक नसतानाही बधिर राहू लागली. अन्वीच्या झबल्याच्या नाड्या बांधता येईनात. मोबाईल बघितला तर हिरवा. "उन्हाचं आहे. उतरेल."

मी ताईला फोन केला. ती परिषदेसाठी बाहेरगावी निघायच्या गडबडीत होती.

"ताई, हात मेल्यासारखे झालेत."

"थांब, बघते." तिकडे ती स्क्रीन बघत होती. "हिरवा आहे, पनू. तुझं अंग दिवसभर तापलेलं दाखवतंय. उन्हाचंच आहे."

"अगं, मी घरात आहे!"

"घरात शेगडी आहे ना!"

"मग गार पाण्यात हात घालून बघू का? उन्हाचं असेल तर परत येईल."

हे खरं म्हणजे सगळ्यात सोपं होतं. पेशंटला पहिल्या दिवशी शिकवतात, शंका आली की अंग गार करून बघा. पण आईने ऐकलं आणि तिच्या हातातला लाडूच खाली पडला. ओल्या बाळंतिणीने गार पाण्यात हात घालायचा! वात होईल, दूध आटेल, पोरीला सर्दी भरेल. आई रडायच्या बेताला आली.

"राहू दे," ताई फोनवर म्हणाली, "नको आईचा जीव खाऊ. यंत्र बघतंय ना. मी आले की बघू."

मी पण म्हटलं, जाऊ दे.

त्यानंतरची ती सकाळ. न्हाणीत आई पाय लांब करून पाटावर बसलेली, अन्वी तिच्या पायांवर पालथी, तेलाने चकचकीत. आई रोज पाणी स्वतः कोपर बुडवून बघायची. त्या दिवशी हात तेलाने माखले होते म्हणून ती मला म्हणाली, "पनू, पानी पाय वं जरा. कढत त नाही ना?"

मी बादलीत हात घातला, बोटं बधिर म्हणून मनगटापर्यंत. "बरोबर आहे," मी म्हटलं. आणि हात तसाच ठेवून अन्वीकडे बघत बसले, कारण ती तिच्या आजीच्या गुडघ्यावर लाळ गाळत होती आणि मला हसू येत होतं.

आईने तांब्या बुडवला, उचलला. पोरीच्या पाठीवर ओतणार, तेवढ्यात तिची नजर माझ्या हातावर गेली. तांबडालाल झाला होता, बोटांवर फोड धरत होते.

"हात काढ! अवं हात काढ, माय!"

तिने तांब्या भिंतीवर फेकला. पाणी तिच्याच पावलांवर पडलं आणि ती किंचाळली. अन्वी घाबरून रडायला लागली. मी माझ्या हाताकडे बघत होते. तो कुणा दुसऱ्याचा वाटत होता. आईने विसणच घातलं नव्हतं, मी सांगेन तेवढं घालायचं म्हणून गार पाण्याची कळशी तशीच भरलेली शेजारी होती.

ताई मिळेल त्या विमानाने आली. माझ्या मानेतल्या मज्जारज्जूवर लांबलचक चट्टा होता; तोवर पायांतलंही बळ गेलं होतं. सलाईनमधून स्टेरॉइड, रक्त गाळायचं मशीन, दंडात दाणा, सगळं झालं. दूध आटलं. पाय हळूहळू आले, हात आले नाहीत. बोटं हलतात, पण स्पर्श कळत नाही. गरम नाही, गार नाही, मऊ नाही, टोचरं नाही.

ताई माझ्या खाटेशी मान खाली घालून बसली होती. "हे निदान तीन आठवडे चालू होतं," ती म्हणाली.

"आणि तुझं यंत्र काय करत होतं?"

"वजा करत होतं."

तिने सांगितलं ते असं. वजावट शिकवली होती शेतात राबणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या माणसांवरून. ती माणसं तापतात आणि तास-दोन तासांत निवतात. निवली की यंत्राला खरं काय ते कळतं. माझ्यासारखं दिवस दिवस, आठवडेच्या आठवडे तापलेलं अंग यंत्राने कधी बघितलंच नव्हतं. झटका रोज थोडा वाढत गेला, आणि यंत्र रोज तो उष्णतेच्या खात्यात टाकत गेलं.

"म्हणजे शेकाने नाही झालं," मी म्हटलं.

"नाही. शेकाने नुसतं झाकलं. झटका बाळंतपणाचा होता. वजावटीची मर्यादा मला कळायला हवी होती. मी अकोल्याची मुलगी, मला बाळंतिणीची खोली माहीत नाही?" ती हमसून रडली. मी पण रडले. तेव्हा मला तिचा राग नव्हता. तो नंतर आला.

दाणा अजून प्रयोगातच होता, त्यामुळे चौकशी समिती बसली. आम्ही घरून व्हिडिओवर होतो. माझ्या हाताला पट्टी, आईच्या पावलांना पट्टी. समितीतल्या एका गृहस्थांनी ताईला विचारलं, "यंत्रणेत दोष होता का?"

ताई म्हणाली, "घरी वैद्यकीय सल्ल्यापलीकडे शेक दिला गेला. अतिउष्णतेमुळे नोंदी बिघडल्या आणि पेशंटची हानी झाली."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. माझ्या शेजारी आई पदर सावरून, हात जोडून स्क्रीनसमोर सरकली. "हो साहेब," ती म्हणाली. "मीच देल्ला शेक. माह्यंच चुकलं."

ताईने तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हजाराच्या वर लोकांच्या दंडात दाणा आहे. यंत्रात दोष म्हटलं की समिती प्रयोग थांबवणार, दाणे काढायला लावणार. दाणा काढला की काय होतं? वार पडल्यासारखंच होतं. फौज उठते. तायडेकाका, ती पातूरची शिक्षिका, सगळे तुझ्यासारखे होतील. तुला हवंय का? तुझाही दाणा निघेल."

"मग निदान आईला तरी खरं सांग!"

"आईच्या पोटात काही राहतं का? संध्याकाळपर्यंत गल्लीत, उद्या पेशंटच्या गटात. मी वजावट दुरुस्त करतेय. ती सगळ्यांच्या मोबाईलवर गेली की मी स्वतः सांगीन. मला थोडा वेळ दे."

मी दिला. तायडेकाकांची मिसळ माझ्या डोळ्यापुढे आली, आणि खरं सांगायचं तर माझे उरलेले पायही आले. त्यामुळे मला ताईला नुसती खलनायिका म्हणता येत नाही, याचा मला अजून जास्त राग येतो.

आईने घरातली शेगडी भंगारात दिली. बंब माळ्यावर टाकला. गल्लीत कुणाचं बाळंतपण असलं की पूर्वी हिलाच आधी बोलावणं यायचं, आता ती जात नाही. अन्वीला ती दुरून खेळवते, पण आंघोळ घालत नाही. ती मंगेश घालतो, थर्मामीटर बुडवून. आणि आई स्वतः गार पाण्याने आंघोळ करायला लागली. पावसाळ्यात मी काही बोलले नाही. मग दिवाळी आली. अभ्यंगाला सगळी गल्ली कढत पाण्याने न्हात होती, आणि आमच्या न्हाणीतून आईच्या दातांचा कडकड आवाज येत होता. मी दारातून म्हटलं, "आई, गरम पाणी घे ना गं." ती म्हणाली, "नको वं. त्या पान्याचं नाव नको काढू."

मी ताईला फोन केला. "तुझी दुरुस्ती झाली?"

"झाली. सगळ्यांकडे पोचली."

"मग ये. आजच्या आज."

ती आली. आई अंगणात तुळशीपाशी बसली होती. ताईने बॅग खाली ठेवली आणि आईच्या पुढ्यात जमिनीवरच बसली. 

"आई, पनूचे हात तुझ्या शेकाने गेले नाहीत. माझ्या यंत्राची चूक होती. मी शेकाला हो म्हटलं होतं, तुला आठवतंय ना? मी समितीपुढे खोटं बोलले, आई."

आईने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ती भडकेल, थोबाडीत देईल. मी वाट बघत होते. देवाशपथ, मला ते हवं होतं.

आईने ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुम्ही दोघी मिळून मले समजावून रायल्या," ती म्हणाली. "समजते मले. पन हर्षू, तू लहानपनापासून कधी खोटं बोलली नाही. येवढ्या मोठ्या साहेबांपुढं, आपल्या मायबद्दल, तू खोटं बोलशीन? डॉक्टर हायेस तू."

"आई, अगं खरंच..."

"मी पाह्यला ना तिचा हात. माह्या डोयानं पाह्यला." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "रडू नको. चहा ठेवतो तुमच्यासाठी. न्हाऊन येतो आधी."

न्हाणीचं दार लागलं. नळ सुटला. गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडताना तिने घेतलेला श्वास आम्हाला अंगणात ऐकू आला. मग दुसरा, मग तिसरा. तांब्या तोच होता, भिंतीवर आपटून पोचा पडलेला.

आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. आत अन्वी उठली होती, रडून कुणाला तरी बोलावत होती. मी उठायला गेले तर उठता येईना, काहीतरी ओढत होतं. मी खाली बघितलं. ताईने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. केव्हापासून, ते मला माहीत नाही.